घाटात रुसणारी हिरवी गाडी

गाडी हिरवी होती. अर्धवट पिकलेल्या पेरूसारखी हिरवी. आणि तिच्या मागच्या काचेवर ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं होतं : 'ही गाडी जांभळी आहे.'

लामदुआन शनिवारी जन्मलेली. शनिवारच्या माणसाला हिरवा रंग वर्ज्य, जांभळा लाभाचा. पण शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई इतकी वर्षं पोटच्या मुलासारखी झाडूनपुसून ठेवलेली गाडी द्यायला तयार असताना, रंगापायी नाही कोण म्हणणार? मग लामदुआननं सगळेच करतात ते केलं. बाजारातून पट्टी आणली आणि चिकटवली. नशिबाला वाचता येतं, पण रंग दिसत नाहीत, असं धरून चालायचं.

नवरा सिंग म्हणाला, "पोलिसानं अडवून विचारलं तर?"

"त्याच्या गाडीवर काय लिहिलंय ते आधी बघेन."

लामदुआन बोलायची ती अशी, हातातलं काम न थांबवता. नान नदीच्या खोऱ्यातल्या त्या थाई गावात तिच्या हातचं साय-उआ प्रसिद्ध होतं. डुकराच्या मांसात गवती चहा, मिरची, लिंबाची पानं कुटून घालायची, आतड्यात भरायचं आणि निखाऱ्यावर मंद भाजायचं. मिरचीनं हात पोळतात म्हणून ती रबरी हातमोजे घालायची. सकाळी तिच्या परसातल्या दोरीवर मोज्यांच्या जोड्या बोटं खाली करून वाळत असायच्या. कधी चव बिघडली तर ती घाबरून मसाल्याचे सगळे डबे पालथे घालत नसे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आज गवती चहा दुसऱ्या बांधावरचा, बाकी सगळं कालचंच. उद्या मिरची वेगळी. "चार गोष्टी एकदम बदलल्या आणि चव सुधारली, तर गुण कुणाचा म्हणायचा?" असं ती सुनांना शिकवायची. स्वतःच्या नव्हे, शेजारच्यांच्या. तिला मूल नव्हतं.

होती ती आई. खामपेंग म्हातारी. अंगानं मूठभर, तोंडानं गावभर. तिच्या हृदयाचे ठोके मधूनच चुकायचे, म्हणून दर महिन्याला तिला घाटापलीकडच्या मोठ्या इस्पितळात न्यावं लागे. पूर्वी लामदुआन तिला मोटरसायकलच्या बाजूला जोडलेल्या गाड्यात, साय-उआच्या टोपल्यांशेजारी बसवून न्यायची. एकदा डॉक्टरीणबाईंनी खिडकीतून ती वरात पाहिली आणि लामदुआनला आत बोलावून झापलं. त्याच थंडीत लामदुआननं गाडी घेतली आणि पन्नाशी उलटल्यावर चालवायला शिकली.

गाडी शहाण्या सुनेसारखी होती. पहाटे बाजारात जायची, दुपारी परत यायची, कुरकूर नाही. लामदुआनचाही जीव जडला. तुई मेकॅनिककडून तिनं पुढचे दिवे बदलून घेतले, कारण जुने दिवे म्हणजे देव्हाऱ्यातल्या समया. मग इंजिन किती तापलंय ते दाखवणारा काटा बसवला. मागच्या सीटवर आईसाठी छोटा पंखा लावला आणि पाठीला टेकायला जाड उशी शिवली. सिंगनं हॉर्न बदलायचा आग्रह धरला. नव्या हॉर्नचा आवाज इतका मोठा होता, की पहिल्यांदा वाजला तेव्हा सिंगचाच झुंजीचा कोंबडा छपरावर जाऊन बसला.

पण इस्पितळाच्या दिवशी गाडीला काय व्हायचं कोण जाणे. भातशेतांपर्यंत ठीक. घाटाचा पहिला चढ लागला, की खोकल्यासारखे आचके द्यायची, दोन वळणं कशीबशी ओढायची आणि मोठ्या चिंचेपाशी मुकाट उभी राहायची. म्हातारी मागच्या सीटवर पंख्याखाली बसून जपमाळ ओढायची. तुईला फोन करायचा. तो स्कूटरवरून येईस्तोवर अर्धापाऊण तास जायचा. तो आला, किल्ली फिरवली, की गाडी साळसूदासारखी सुरू.

"ताई, हिला काहीच झालेलं नाही," तुई म्हणायचा.

"मग मी काय हौसेनं इथे चिंचा वेचतेय?"

तुईनं पेट्रोलची गाळणी बदलली. पुढच्या महिन्यात कार्बोरेटर उघडून धुतला. त्याच्या पुढच्या महिन्यात प्लग नवे टाकले. प्रत्येक वेळी "आता बघा" म्हणाला आणि प्रत्येक वेळी चिंचेनं बघितलं.

गावात कारणांना तोटा नव्हता. गाडीत वास करणारी देवी, यानांगमाय, रुसलीय, यावर मात्र सगळ्यांचं एकमत होतं. का रुसलीय, यावर दोन तट पडले. पट्टीवर खोटं लिहिलंय म्हणून, असं एक तट म्हणे. खामपेंग म्हातारीचं म्हणणं वेगळं होतं.

"तू तिच्या अंगावरून रोज डुकराचं मांस नेतेस. कुठली बाई सहन करील?"

"मग बाजाराच्या दिवशी का नाही रुसत? तेव्हा तर मांस आतच असतं."

"बाजाराच्या दिवशी तिला ठाऊक असतं, तुझं पोट त्यावर आहे. समजूतदार आहे ती."

म्हातारी आरशाला मोगऱ्याचे गजरे बांधायची, पुढच्या काचेशी लाल सरबताची बाटली नळीसकट ठेवायची, जाताना-येताना डॅशबोर्डाला हात जोडायची. लामदुआन त्यात पडत नसे. गजऱ्यानं गाडीत वास चांगला यायचा.

प्रश्न गाडीचा होता तोवर ती हसत होती. मग बँकॉकहून तिच्या भावाचा फोन आला. प्राचुअप तिच्याहून चार वर्षांनी मोठा, सरकारी खात्यात कारकून. आवाज असा लावायचा, की प्रत्येक वाक्याखाली शिक्का मारलाय.

"दुआन, परवा आई पुन्हा रस्त्यात अडकली होती म्हणे."

"अर्धा तास. सावलीत होती. पंखाही चालू होता."

"तिचं हृदय त्या अर्ध्या तासात थांबलं असतं म्हणजे? मी नव्या वर्षाला, सोंगक्रानला येतोय. येताना गाडी घेऊन येतो आणि आईला घेऊन जातो. माझ्या घरापासून इस्पितळ पायी जाता येतं."

"आईला विचारलंस?"

"आईला काय विचारायचं? ती नाहीच म्हणणार."

ती नाहीच म्हणाली. एकदा ती बँकॉकला राहून आली होती, चौदाव्या मजल्यावर. परत आल्यावर आठवडाभर तिनं एकच गोष्ट सांगितली : तिथे सकाळी खिडकी उघडली तर हाक मारायला कुणी नसतं. इथे तिच्या कोंबड्या होत्या, देवळात भात वाढणाऱ्या तिच्या वयाच्या बाया होत्या, तिच्याशी भांडणारी शेजारीण होती. पण मुलाशी ती वाद घालत नसे. फोन ठेवल्यावर तिनं पदरानं जपमाळ पुसली आणि म्हणाली, "नेईल तर जाईन. तुला तरी किती त्रास."

आई त्रासाची भाषा बोलायला लागली, म्हणजे ती मनानं बोचकं बांधायला लागली.

तेव्हापासून लामदुआननं गाडीकडे साय-उआसारखं बघायला सुरुवात केली. एका वेळी एकच गोष्ट.

वजनामुळे होत असेल? तिनं तांदळाची पोती मागे टाकली आणि एकटीच घाट चढून आली. गाडी गुणगुणत गेली. घाटामुळे? मग आज कशी चढली? आई बसल्यामुळे? हा विचार तिला स्वतःलाच पटेना, पण तिनं तोही सोडला नाही. एके दुपारी म्हातारी परसात पालेभाजी निवडत असताना तिला तशीच उचलून गाडीत बसवली.

"अगं, कुठे नेतेस? माझ्या हाताला माती आहे!"

"हवा खायला."

"हवा काय इथे मिळत नाही?"

तीच आई, तोच घाट, तीच गाडी. चिंच मागे पडली, घाटमाथा आला, पलीकडचं गाव दिसायला लागलं. गाडीनं शिंकसुद्धा दिली नाही. म्हातारी म्हणाली, "बघ, आज तिचा मूड चांगला आहे." लामदुआन स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिली. इस्पितळाच्या दिवशी या गाडीत असं काय असतं, जे आज नाही?

उत्तर मिळालं ते पुढच्या इस्पितळाच्या सकाळी, स्वयंपाकघराच्या खिडकीतून. ती मोजे धूत होती. बाहेर सिंग एका हातानं गाडीचं बॉनेट वर धरून उभा होता, दुसऱ्या काखेत कोंबडा. आणि खामपेंग म्हातारी, नवं लुगडं नेसून, हातात चांदीचा वाडगा घेऊन, पानांच्या जुडीनं इंजिनावर पाणी शिंपडत होती. देवळातून आणलेलं शिकेकाईचं मंतरलेलं पाणी. शिंपडणं म्हणजे थेंबथेंब नव्हे. लग्नात वरपक्षावर अत्तर उडवतात तसं, सढळ. ओठ हलत होते, डोळे मिटलेले होते. वाडगा संपल्यावर उरलेलं तिनं उपडंच केलं.

लामदुआन ओल्या हातांनी बाहेर आली. आई तोंड धुवायला आत जाईपर्यंत थांबली आणि मग दबक्या आवाजात म्हणाली, "सिंग, हे कधीपासून चाललंय?"

"काय?"

"हे पाणी."

"पहिल्यापासून. रोज नाही हं. महत्त्वाच्या दिवशीच. इस्पितळ, लग्न, असं."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"तू विचारलंस कुठे?" सिंग खरोखरच बुचकळ्यात पडला होता. "मला वाटलं, तुम्ही मायलेकींचं ठरलेलं आहे."

लामदुआननं त्याला दोन शब्द ऐकवले, ते कोंबड्यालाही लागले असावेत. त्या दिवशी ती भावकीतल्या एकाची गाडी मागून आईला घेऊन गेली. आईला सांगितलं, आपल्या गाडीचं चाक बसलंय. संध्याकाळी ती हिरवी गाडी घेऊन तुईकडे गेली.

तुईनं मान खाजवली. मग इंजिनाच्या कडेची, चारही प्लगांना ठिणगी वाटून देणारी डबी काढली. झाकण उजेडात धरून फिरवलं. केसासारखी बारीक भेग होती, आणि भेगेत पांढुरकं काहीतरी साचलेलं.

"शिकेकाई," लामदुआन म्हणाली.

"ताई, मी चार महिने पेट्रोलच्या वाटेनं शोधत होतो. चोर विजेच्या वाटेनं येत होता." त्यानं झाकण परत बसवलं, वर चूळभर पाणी टाकलं आणि गाडी चढावर नेली. दुसऱ्याच वळणावर ती खोकायला लागली. तुईला इतका आनंद झाला, की त्यानं स्टिअरिंगवर थाप मारली. "सपाटीवर कसंबसं भागतं. चढाला ठिणगी जोरात लागते, ती ओल्या भेगेतून पळ काढते. मी येईस्तोवर इंजिनाच्या उबेनं सगळं वाळून जातं. मग मी येतो आणि मूर्ख दिसतो."

"नवीन झाकण घाल."

"या मॉडेलचं? भंगारवाल्यांकडे विचारावं लागेल. आणि आता सोंगक्रान तोंडावर. सगळी दुकानं बंद. सण झाल्यावर मिळेल."

"सण झाल्यावर आई बँकॉकला असेल."

तुई हात पुसायला लागला. "मग आजींना सांगा ना, पाणी टाकू नका म्हणून. साधी गोष्ट."

साधी गोष्ट! लामदुआन ती साधी गोष्ट तोंडात धरून घरी गेली. आई चुलीशी बसली होती. "आई," तिनं सुरुवात केली, "तू बॉनेटमध्ये पाणी घालतेस ना..."

म्हातारीनं मान वर केली. "त्याच्यामुळेच तू सुखरूप येतेस-जातेस." आणि मग जरा हळू, "का? काही चुकतंय का माझं?"

त्या 'चुकतंय का'पुढे लामदुआनला 'हो' म्हणवेना. हो म्हटलं, तर आई समजणार की आपणच आपल्या हातानं आपल्याला बँकॉकला धाडतोय. ते ओझं घेऊन ती चौदाव्या मजल्यावर नाही, त्याच्याही वर जायची.

"नाही. वाडगा जपून ठेव म्हणत होते. चांदीचा आहे."

रात्रीचं जेवण तिनं न बोलता केलं. दुसऱ्या दिवशी मांस मळताना तिची नजर स्वतःच्या हाताकडे गेली. मोज्यात हात कोरडा होता. सकाळभर ओल्या मसाल्यात असूनही कोरडा. तिनं मांस तसंच झाकून ठेवलं, पाकिटातला नवा मोजा उचलला आणि तुईच्या दुकानाची वाट धरली.

"डबीतून वायरी किती निघतात?"

"चार प्लगांच्या चार. मधली एक. पाच."

तिनं त्याच्यासमोर मोजा हलवला. तुई आधी हसला, मग हसायचा थांबला. दोघांनी मिळून बोटांची टोकं कापली, एकेका बोटातून एकेक वायर ओढली, मनगटाची बाजू डबीवर घट्ट ताणली आणि खाली आवळपट्टी बांधली. डबीवर गुलाबी हात पाच बोटं पसरून उभा राहिला. तुईनं बादलीभर पाणी ओतलं. गाडी सुरूच. पुन्हा ओतलं. घाटापर्यंत जाऊन आले. सुरूच.

"ताई, हे माझ्या नावावर खपवू का?"

"खपव. पण मोजे माझ्याकडून घे."

सोंगक्रानच्या दिवशी प्राचुअप आला. नवी करडी गाडी, चकचकीत. आल्या आल्या त्यानं आईच्या हातांवर सुगंधी पाणी घातलं, आशीर्वाद घेतला आणि विचारलं, "कपड्यांची पिशवी भरली का?"

"आधी मावशीकडे जायचं," लामदुआन म्हणाली. घाटापलीकडे राहणारी मावशी कुटुंबातली सगळ्यांत मोठी. तिच्या हातांवर पाणी घातल्याशिवाय वर्ष सुरू होत नसे.

"चला, माझ्या गाडीतून."

"माझ्या गाडीतून जाऊ." तिनं भावाकडे सरळ पाहिलं. "दादा, घाटात थांबली तर आईची पिशवी मी स्वतः भरते. नाही थांबली तर पुन्हा हा विषय काढायचा नाही."

प्राचुअपनं हिरव्या गाडीकडे पाहिलं, मग मागच्या काचेवरच्या पट्टीकडे. "जांभळी म्हणे," तो पुटपुटला. "ठीक आहे. मी पुढे बसणार. मला बघायचंय."

तेवढ्यात म्हातारी पाणी घेऊन आली. आज वाडगा नव्हता, घमेलं होतं. सिंगनं बायकोकडे न बघता बॉनेट उचललं. म्हातारी वाकली. गुलाबी हात बघून थबकली.

"हा कुणाचा हात?"

"तुईनं लावलाय. धूळ बसू नये म्हणून."

"तुझ्या मांसाचा मोजा आहे हा!"

"नवा आहे, आई. पाकिटातला. मांसाला शिवलेला नाही."

म्हातारीनं मोज्याच्या एका बोटाला हळूच हात लावून पाहिला. मग डोळे मिटले आणि सबंध घमेलं ओतलं. खालून पाणी ठिबकायला लागलं. लामदुआनला बादलीची चाचणी आठवली, पण बादलीत मंत्र नव्हते, आणि बादलीच्या वेळी शेजारी दादा नव्हता.

गावातून बाहेर पडेपर्यंत पोरंटोरं, बाप्ये, बाया, सगळे नळ्या आणि बादल्या घेऊन रस्त्यावर. सण म्हणजे पाणी. काचांवर, टपावर, बॉनेटवर नुसता मारा. प्राचुअपनं काच वर करायला उशीर केला आणि त्याचा इस्त्रीचा सदरा भिजला. मागे म्हातारी खुदकन हसली.

भातशेतं संपली. चढ लागला. लामदुआननं गिअर खाली आणला. इंजिनाचा आवाज जड झाला. तिनं श्वास रोखला होता, आणि शेजारी प्राचुअपनंही रोखलाय हे तिला जाणवलं. एक वळण. दुसरं. चिंच दिसली.

"इथेच ना?"

"इथेच."

चिंच जवळ आली, खिडकीशी आली, आरशात गेली. गाडी आपली घरघरत वर चढत राहिली. प्राचुअपनं मोठ्ठा निःश्वास टाकला. लामदुआननं चमकून त्याच्याकडे पाहिलं. हरलेला माणूस असा निःश्वास टाकत नाही.

"दादा?"

तो आवाज खाली आणून म्हणाला, "माझ्या बायकोच्या आईलाही गेल्या महिन्यात आमच्याकडे आणलंय. दोनच खोल्या. आपल्या आईला बाहेरच्या खोलीत टीव्हीसमोर झोपवावं लागलं असतं. पण मी मोठा. मी विचारलं नसतं तर लोक काय म्हणाले असते? तूच काय म्हणाली असतीस?"

लामदुआनला राग आला आणि त्याच वेळी त्याच्या भिजलेल्या सदऱ्याची कीवही आली. इतके दिवस दोघं भावंडं एकाच दोरीला दोन्ही टोकांनी ओढत होती, आणि त्यातल्या एकाला ती सुटावी असंच वाटत होतं.

"हेच म्हणाले असते," ती म्हणाली. "की दादानं विचारलंसुद्धा नाही."

"मला ऐकू येतं बरं का," मागून आवाज आला. "हृदय बिघडलंय माझं, कान नाही."

घाटमाथ्यावर लामदुआननं गाडी थांबवली. प्राचुअप सदरा पिळायला खाली उतरला. म्हातारी सीटवरून पुढे सरकली आणि मुलीच्या कानाशी आली.

"दुआन, ते पाणी आत जात होतं ना?"

लामदुआननं हँडब्रेक पुन्हा एकदा ओढला.

"मोजा बघितल्यावर कळलं मला. धूळ बसू नये म्हणे! मी काय आज जन्मले?"

"मग घमेलंभर का ओतलंस, आई? थांबली असती तर?"

"निम्मं ओतणार होते." म्हातारी जरा घुटमळली. "मग वाटलं, तू रात्री न बोलता जेवलीस, ते कशासाठी? मला 'चुकलं' म्हणायला लागू नये म्हणून तू एवढं केलंस, आणि मी हात आखडायचा? ओतलं सगळं. यानांगमायला म्हटलं, माझ्या लेकीचा मोजा आहे, सांभाळ."

लामदुआननं आरशाला बांधलेला गजरा उगाच सरळ केला. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, असं तिनं स्वतःला सांगितलं.

प्राचुअप परत आला, दार उघडलं. पुढच्या सीटवर म्हातारी बसलेली होती. एवढ्या वेळात कशी उतरली आणि कशी चढली, देव जाणे.

"आई, मी पुढे—"

"तू मागे बस. उशी आहे, पंखा आहे, मजेत झोप. मला आता रस्ता बघायचाय. आणि दुआन, तो मोठा हॉर्न वाजव बाई. तुझी मावशी बहिरी झालीय, आपण आलो ते तिला इथूनच कळू दे."